मनिलाचा फोर्ट सांतियागो उलटीकडून पाहा

किल्ल्यांच्या बाबतीत आपण नागपूरवाले जरा उपाशीच आहोत राजेहो. शहराच्या ऐन मध्यात किल्ला आहे, बर्डीवर खरेदीला गेलं अन् मान वर केली की टेकडी दिसते, पण आत जायचं म्हटलं तर वर्षातून तीन दिवस, २६ जानेवारी, १ मे अन् १५ ऑगस्ट, कारण तो आर्मीच्या ताब्यात आहे. त्यामुळं मनिलात एक अख्खा स्पॅनिश किल्ला रोज सकाळी उघडतो, तिकीट काढा अन् या, हेच मला आधी खरं वाटत नव्हतं.

हा किल्ला मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा टूरवाल्यांसोबत, म्हणजे बसमधून उतरवलं, गेटसमोर ग्रुप फोटो, आत पुतळ्यासोबत फोटो, ज्यांना वॉशरूमला जायचं त्यांनी पटकन जाऊन या, अन् पाऊण तासात परत बसमध्ये. रात्री हॉटेलात बायको म्हणे, आपण आज नेमकं काय पाहिलं हो? मला सांगताच येईना. मग दुसऱ्या दिवशी ग्रुप मॉलमध्ये गेला अन् आम्ही तिघं, मी, बायको अन् माझे बाबा, आपले आपणच परत गेलो, पूर्ण सकाळ घातली, अन् त्या दिवशी जे समजलं त्यावरून हे लिहून राहिलो. कोणी जाणार असेल तर आमची पहिल्या दिवसाची चूक करू नका एवढंच.

पहिले कागदपत्रांचं उरकून टाकतो. २०२५ पासून भारतीय पासपोर्टवाल्यांना फिलिपिन्समध्ये फिरायला १४ दिवस व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट सहा महिने तरी शिल्लक पाहिजे, परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग अन् खात्यात पैसे आहेत हे दाखवायची तयारी पाहिजे. असे नियम कधीही बदलतात, त्यामुळं तिकीट काढायच्या आधी त्यांच्या दूतावासाच्या साइटवर एकदा पाहून घ्या, माझ्या भरवशावर राहू नका. तिथं पोचायच्या आधीच्या ७२ तासांत ईट्रॅव्हल नावाचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागते, तो फुकट आहे. गूगलवर शोधलं तर वर वर पैसे मागणाऱ्या साइट येतात, आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी तिथं कार्डाचा नंबर टाकूनही दिला होता, तर सरकारी साइटच उघडा. नागपूरहून थेट विमान नाही, दिल्लीवरून नाहीतर बँकॉक, सिंगापूर, क्वालालंपूर असं कुठून तरी फिरून जावं लागते. घड्याळ अडीच तास पुढं करा. पेसो म्हणजे साधारण दीड रुपया धरून चाला, हिशेब सोपा जाते.

कधी जायचं, तर डिसेंबर ते फेब्रुवारी. जून ते ऑक्टोबर पाऊस अन् वादळं असतात. अन् एक सांगतो, आपल्याला वाटते की आपण नागपूरचे, ४६ डिग्री पाहिलेली माणसं, आपल्याला काय ऊन लागणार, तर बाप्पा, तिथली ३३ डिग्री आपल्या ४६ ला भारी आहे. आपलं ऊन कोरडं, रुमाल बांधला, खिशात कांदा ठेवला की चालते, तिथं हवाच ओली, सावलीत उभं राहिलं तरी शर्ट पाठीला चिकटते. बाबांनी सवयीनं दुपट्टा बांधला होता तो दहा मिनिटांत सोडला. टोपीपेक्षा छत्री न्या, ऊन अन् पाऊस दोन्हीला कामी येते, अन् पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी ठेवा.

किल्ला आहे इंत्रामुरोसच्या वायव्य टोकाला. इंत्रामुरोस म्हणजे तटाच्या आतलं गाव, स्पॅनिश लोकांनी बांधलेलं जुनं मनिला, चारी बाजूंनी साडेचार किलोमीटरच्या आसपास तट आहे. हे गाव अन् तो किल्ला यात गोंधळ करू नका, आम्ही पहिल्या दिवशी तटालाच किल्ला समजत होतो. आतल्या टोकाचा, पासिग नदीच्या काठचा तिकोनी भाग तेवढा फोर्ट सांतियागो. जायला ग्रॅब सगळ्यात सोपं, आपल्या ओला-उबरसारखं, ॲपमध्येच भाडं दिसते त्यामुळं घासाघीस नाही. स्वस्तात जायचं तर मेट्रोची एलआरटी एक नंबरची लाइन घ्या, सेंट्रल टर्मिनल स्टेशनला उतरा, तिथून पायी पंधरा-वीस मिनिटं. आम्ही येताना मेट्रोनं आलो, जाताना नाही, कारण बाबांचे गुडघे सकाळी सकाळी खर्च करायचे नव्हते.

वार निवडताना सोमवार सोडून द्या. किल्ला सोमवारीही उघडा असतो पण आतलं रिझालचं, म्हणजे त्यांच्या देशाच्या नायकाचं, संग्रहालय बंद असते, अन् ते नाही पाहिलं तर अर्धा किल्ला राहिला. वेळ सकाळी आठची. तिकीट आम्ही गेलो तेव्हा मोठ्यांना ७५ पेसो होतं, मुलांना, विद्यार्थ्यांना अन् म्हाताऱ्यांना ५०. सुटे पैसे ठेवा. दहा वाजले की शाळेच्या सहली अन् टूरच्या बसा सुरू होतात, मग रिझालच्या कोठडीसमोर उभं राहायलाही जागा मिळत नाही, त्यामुळं आठ म्हणजे आठ.

आता मुद्द्याचं. टूरवाले काय करतात, गेटपासून सुरू करतात, गेटवर पंधरा मिनिटं घालवतात, मग आत रमतगमत जातात अन् टोकाला पोचेपर्यंत वेळ संपते. अन् किल्ल्याचा खरा ऐवज टोकालाच आहे. दुसरं म्हणजे, आत जमिनीवर पितळी पावलं बसवलेली आहेत, एका माणसाची, त्याच्या कोठडीपासून निघून बाहेर गेटच्या दिशेनं जाणारी. आपण गेटकडून आत चालत गेलो तर ती पावलं समोरून आपल्या अंगावर येतात अन् पोरं त्यावर उड्या मारत फोटो काढतात. तर असं करा, गेट आल्यावर थांबूच नका, सरळ आत शिरा, मैदान ओलांडा अन् शेवटी नदीच्या बाजूच्या तटापर्यंत चालत जा. तिथून सुरू करा अन् त्या पावलांच्या मागं मागं बाहेर या. आमचं दुसऱ्या दिवशी हेच झालं, तेही ठरवून नाही, बाबांना आधी नदी पाहायची होती म्हणून.

टोकाला सांता बार्बारा नावाचा बुरूज आहे. पायऱ्या चढून वर गेलात की खाली पासिग नदी, गढूळ, पाण्यावर जलपर्णीचे पुंजके तरंगत चाललेले, आपली अंबाझरी आठवली मला. समोरच्या काठावर बिनोंदो, जगातला सगळ्यात जुना चायनाटाउन म्हणतात त्याला, १५९४ पासूनचा. अन् इथं उभं राहिलं की पहिला प्रश्न हाच पडते की अरे समुद्र कुठं आहे? समुद्राकाठचा किल्ला म्हणून आलो अन् इथं तर नदी. तर त्याचं असं आहे की तेव्हा नदीचं मुख इथंच होतं, समुद्र तटाला लागून होता, पुढं अमेरिकन लोकांच्या काळात भराव टाकून बंदर वाढवलं अन् समुद्र दूर गेला. ते डोक्यात धरून पाहा, म्हणजे बुरुजाची एक बाजू समुद्राकडं, एक नदीकडं अशी का आहे ते आपोआप कळते. नदीत शिरणारं प्रत्येक जहाज या तोफांच्या समोरूनच जाणार.

अन् जहाजं काय थोडीथोडकी होती का? १५६५ पासून १८१५ पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षं, मनिला ते मेक्सिकोचं अकापुल्को अशी मोठी गॅलियन जहाजं चालायची. इकडून चीनचं रेशीम, चिनी मातीची भांडी, मसाले, तिकडून चांदी. माल आणणारे चिनी व्यापारी, त्यांच्याशिवाय तर स्पॅनिश लोकांचं पानही हलत नव्हतं, पण विश्वास इतका की त्यांची वस्ती तटाबाहेर, तोफेच्या टप्प्यात ठेवलेली. धंदा तुमच्याशी, झोप मात्र तोफेच्या भरवशावर.

किल्ला स्पॅनिश असला तरी जागा त्यांची नव्हती. इथं आधी मायनिला नावाचं गाव होतं अन् त्याचा राजा सुलायमान. राजा हा शब्द मी मराठीत घालून नाही सांगून राहिलो, त्यांच्याकडंही राजाच म्हणतात. त्याचा लाकडी खांबांचा कोट होता, १५७१ मध्ये लेगास्पी या स्पॅनिश सरदारानं ते गाव घेतलं अन् त्याच जागी आपला लाकडी किल्ला उभा केला. १५७४ मध्ये लिमाहोंग नावाचा चिनी समुद्री लुटारू जहाजं घेऊन आला, त्यानं मनिला जवळपास खाल्लंच होतं, तेव्हा यांना अक्कल आली की लाकडाचं काही खरं नाही. मग १५९० च्या सुमारास दगडी बांधकाम झालं. तिथल्या टागालोग भाषेत आपले शब्द इतके सापडतात की बाबांनी दिवसभर तोच खेळ मांडला. गुरो म्हणजे शिक्षक, मुखा म्हणजे चेहरा, आसा म्हणजे आशा. तिकीटवाल्या मुलीला बाबांनी तिचा मुखा छान आहे असं सांगितलं, ती हसली, बायकोनं कपाळाला हात लावला.

तटाचा दगड हात लावून पाहा. आपल्या डोक्यात किल्ला म्हणजे सह्याद्रीचा काळा कातळ, हा तसा नाही. ज्वालामुखीच्या राखेचा दाबून बनलेला दगड आहे, तिथले लोक त्याला अडोबे म्हणतात, करडा-पिवळसर, अंगाला भोकं भोकं, अन् इतका नरम की धारदार काही असलं तर कोरता येईल. तासायला सोपा, पण पावसात झिजते, म्हणून सगळ्या कडा गोल झाल्या आहेत अन् फटीफटीत शेवाळ अन् पिंपळासारखी रोपटी उगवलेली. तटावर चढू नका, सुरक्षावाले शिट्टी मारतात अन् बरोबरच मारतात. पायात चप्पल घालून येऊ नका, दगडी वाटा ओल्या झाल्या की साबण लावल्यासारख्या होतात. स्लीपर घातलेल्या एका बाईची तिथंच बसकण झाली, सुदैवानं लागलं नाही.

बुरुजाच्या पोटात तळघरं आहेत. वाकून जावं लागते, कमानी छातीएवढ्या खाली येतात, उंच माणसानं डोकं सांभाळा. मूळचं हे कोठार, दारूगोळा ठेवायला केलेलं, पण नदीच्या इतकं जवळ की ओल धरायची, बारूद तिथं टिकणार कशी. मग माणसं ठेवायला लागले. दारूगोळ्याला ओल चालत नाही अन् कैद्याला चालते, हा त्या काळचा हिशेब. स्पॅनिश गेले, १८९८ मध्ये अमेरिकन आले, त्यांच्या मागून १९४२ मध्ये जपानी, अन् जपानी लष्करी पोलिसांनी याच किल्ल्याचा छळछावणीसारखा वापर केला. फेब्रुवारी १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत अमेरिकन सैन्य इथं पोचलं तेव्हा तळघरात सुमारे ६०० मृतदेह सापडले, उपासमारीनं, गुदमरून मेलेले. बाहेर आलात की जवळच पांढरा संगमरवरी क्रॉस दिसेल, ती त्यांची एकत्र कबर. आदल्या दिवशी आमच्या ग्रुपनं त्या क्रॉससमोर दात काढून सेल्फी घेतले होते, त्यात मीही होतो. कोणी सांगितलंच नाही की हे काय आहे. नंतर मी तो फोटो फोनमधून काढून टाकला.

लहान मुलं सोबत असली तर तळघरात न्यायचं का ते तुम्ही ठरवा. हवा कोंदट असते, दमा असणाऱ्यानं अन् बंद जागेची भीती वाटणाऱ्यानं बाहेरच थांबावं. बाबा दोन पावलं आत जाऊन परत फिरले.

तळघरानंतर लगेच रिझालकडं जा, मधे कॅफेबिफे दिसले तरी थांबू नका. होसे रिझाल हा त्यांचा मोठा माणूस, आपल्याकडं जशी गांधी-टिळकांची नावं रस्त्यांना तशी तिथं गावोगाव याची. पेशानं डोळ्यांचा डॉक्टर. कादंबऱ्या लिहून त्यानं स्पॅनिश सरकारचं अन् पाद्री लोकांचं पितळ उघडं पाडलं, त्याची किंमत म्हणून ३ नोव्हेंबर १८९६ ला त्याला या किल्ल्यात आणून ठेवलं, बंडाचा आरोप लावला अन् ३० डिसेंबरला सकाळी सातच्या सुमारास गोळ्या घातल्या. वय ३५. संग्रहालयात त्याच्या वस्तू, कपडे, पुस्तकं आहेत, ती पाहाच, पण दोन गोष्टींपुढं जरा जास्त थांबा.

एक म्हणजे कवितेची गोष्ट. मरायच्या आधी त्यानं बारीक अक्षरात एक कविता लिहिली, १४ कडव्यांची, तिला नावही दिलं नाही, अन् अल्कोहोलवर चालणाऱ्या छोट्या स्टोव्हमध्ये लपवली. घरचे शेवटचं भेटायला आले तेव्हा बहिणीला इंग्रजीत हळूच सांगितलं की स्टोव्हच्या आत काहीतरी आहे, पहारेकऱ्याला इंग्रजी समजत नव्हतं म्हणून. विचार करा, स्पॅनिश शिपायासमोर स्पॅनिशमध्ये लिहिलेली कविता, अन् ती वाचवायला इंग्रजी कामी आली. दुसरी म्हणजे काचेत ठेवलेला त्याच्या पाठीचा एक मणका, गोळी लागून कपचा उडालेला. एवढासा, सुपारीपेक्षा थोडा मोठा म्हणा. बाबा रेल्वेतून रिटायर झालेले, कमी बोलणारे, ते त्या काचेसमोर चष्मा पुसत उभे राहिले अन् मागं शाळेची पोरं आली तेव्हाच हलले.

इथून ती पितळी पावलं सुरू होतात. त्याला शेवटच्या सकाळी कोठडीतून नेलं तो रस्ता. आता तुम्ही त्याच्यासोबतच चालत आहात, समोरून येत नाही, एवढाच फरक, पण चालून पाहा. पावलांमधलं अंतर छोटं आहे, रिझाल उंचीनं कमी होता, माझ्या पावलानं ते जुळेचना, बायकोच्या पावलानं जुळलं. ती पावलावर पाऊल टाकत पाच-सहा पावलं गेली अन् मग बाजूला होऊन चालायला लागली. का म्हणून मी विचारलं नाही.

आता गेट. आता पाहा त्याला सावकाश. बाहेर या, खंदकावरच्या पुलावर उभे राहा, खाली कमळाची पानं पसरलेली आहेत, अन् मागं वळा. गेटच्या वर लाकडात कोरलेलं शिल्प आहे, घोड्यावर बसलेला संत सांतियागो, हातात तलवार, अन् घोड्याच्या टापांखाली पडलेली माणसं. ज्याच्या नावानं किल्ला तोच हा संत, अन् स्पेनमध्ये त्याचं बिरुद मातामोरोस, म्हणजे मुसलमानांना मारणारा. म्हणजे बघा, मुसलमान राजाची जागा घेतली अन् दारावर हे चित्र टांगलं, येणाऱ्याजाणाऱ्यानं रोज पाहावं म्हणून. आपल्या गाविलगडाच्या शार्दूल दरवाजावर हत्तींना पायात-चोचीत धरलेला गंडभेरुंड आहे ना, काम तेच, आत यायच्या आधी समोरच्यानं समजून घ्यावं की घरमालक कोण. पण एक गोष्ट माहीत असू द्या, हे गेट जुनं दिसते तरी ते नंतर परत उभारलेलं आहे. १९४५ च्या तोफांनी मूळचं पाडलं होतं. पहिल्या दिवशी आमच्या गाइडनं चारशे वर्षांचं गेट म्हणून सांगितलं अन् आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

आपल्या लोकांना आवडेल अशी एक गोष्ट इथं सांगतो. १७६२ मध्ये इंग्रजांनी स्पॅनिश लोकांकडून मनिला जिंकलं, अन् ती मोहीम निघाली होती मद्रासहून. गोऱ्या पलटणीसोबत मद्रासचे शिपाई होते. ऑक्टोबरमध्ये तट फोडून आत शिरले अन् १७६४ पर्यंत इथं इंग्रजांचं राज्य होतं. जाताना मात्र काही शिपाई गेलेच नाहीत, मनिलाच्या पूर्वेला काइंता गावात राहिले, लग्नं केली, त्यांचे वंशज आजही तिथं आहेत. अन् नोव्हेंबर १८१७ मध्ये आपल्या सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांच्या फौजेविरुद्ध इंग्रजांच्या बाजूनं जे लढले त्यातही मद्रासच्याच पलटणी होत्या, विसावी अन् चोविसावी. त्या तटाकडं पाहताना मला हे आठवलं अन् बाबांना सांगितलं, तर ते म्हणे, गरीब माणूस पगारासाठी कुठं कुठं जाते. १७६२ च्या त्या लढाईत तडाखा बसलेला बुरूज पाहायचा असेल तर इंत्रामुरोसच्या दुसऱ्या टोकाला बालुआर्ते दे सान दिएगो आहे, वेगळं तिकीट, गोल गोल भिंतींचं विहिरीसारखं अवशेष मधोमध, सुंदर बाग, अन् गर्दी जवळपास नाहीच.

तिथपर्यंत जायला घोडागाडी मिळते, कालेसा म्हणतात. बसा, मजा येते, पण बसायच्या आधी तीन गोष्टी ठरवा, भाडं गाडीचं की माणशी, किती वेळाचं, अन् थांबलो तर वाढणार का. आम्हाला एकानं जो आकडा सांगितला तो उतरताना माणशी निघाला, वर अर्ध्या अर्ध्या तासाचा. बर्डी स्टँडवर ऑटोवाल्याशी हुज्जत घालण्यात हयात गेली अन् तिथं जाऊन गंडलो, बायको अजून टोमणे मारते. ठरलेला आकडा मोबाइलवर टाइप करून त्याला दाखवा, बोलणं राहते हवेत. अन् घोडा थकलेला, हाडं निघालेला दिसला तर बसूच नका.

खाण्याचं शाकाहारी लोकांसाठी जरा अवघड आहे, लपवून काय उपयोग. व्हेजिटेबल लिहिलेल्या नूडल्समध्ये झिंगे निघाले, भाजीत माशाचा सॉस पडते तो दिसतच नाही. वालांग कार्ने म्हणजे मांस नको, पण त्यांच्या लेखी मासा हा मांसात धरतातच असं नाही, त्यामुळं मासा, झिंगा, सॉस एकेक नाव घेऊन नको म्हणा. आम्ही सोबत थेपले, चिवडा अन् बाबांसाठी दाण्याची चटणी नेली होती, तीच कामी आली. बाहेर गाड्यावर तुरोन मिळते, केळ्याला पातळ पारीत गुंडाळून साखरेत तळलेलं, ते निर्धास्त खा, अन् शहाळं प्या, त्याला बुको म्हणतात. सकाळी सोयाबीनचा मऊ ताहो विकणारे फिरतात, गोड पाक घालून देतात, बाबांनी दोन ग्लास घेतले. टॉयलेट विचारायचं तर सीआर विचारा, टॉयलेट म्हटलं तर समजतात पण पाटी सीआरचीच असते. अन् कोणाशीही बोलताना शेवटी पो लावा, आपलं जी तसं. सालामात पो, म्हणजे धन्यवाद जी, म्हटलं की समोरचा माणूस एकदम घरचा होते.

वेळ उरला तर, अन् आठला गेलात तर उरतोच, पायी सान आगुस्तिन चर्चला जा. १६०७ चं बांधकाम, १९४५ च्या लढाईत इंत्रामुरोसमध्ये सगळं जमीनदोस्त झालं पण हे उभं राहिलं, अन् युनेस्कोच्या यादीतही आहे. मनिला घेणारा तो लेगास्पी इथंच पुरलेला आहे. दारात चिनी घडणीचे दगडी सिंह. आत गेल्यावर बाकावर बसा अन् मान मागं टाकून छत पाहा. नक्षीचे चौकोन, फुलं, कमळं, सगळं खोल कोरल्यासारखं उठून दिसते, अन् ते कोरलेलं नाहीच, सपाट छतावर केलेली रंगकारी आहे, १८७५ मध्ये दोन इटालियन कलाकारांनी सावल्या अशा काढल्या की डोळा फसते. हे मी बाबांना सांगितलं तर त्यांना पटेना. बाकावरून उठले, खांबाजवळ गेले, चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, मग माझ्या मोबाइलनं झूम करून पाहिलं. बाहेर आल्यावर ग्रॅबमध्ये बसता बसता म्हणाले, कोरीवच आहे ते, तू नीट पाहिलं नाही.